मत नागपूरला, खोली इथं

रवि., २ नोव्हें.

वाचनखोलीच्या दारावर कागद चिकटवलाय. कन्नडमध्ये. मला आता अक्षरं लागतात, अर्थ नाही लागत. खाली राहणाऱ्या अनघानं वाचून दाखवलं. डिसेंबरपासून खोली संध्याकाळी सहाला बंद. पुढे वॉर्ड ऑफिसचं जुनं सामान तिथं ठेवायचा विचार आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर पंधरा तारखेच्या वॉर्डसभेत या.

सहाला बंद म्हणजे बंदच की! सहाच्या आधी येतं कोण? कॉलेज, क्लास सुटले की पोट्टे येतात तिथं. बसवनगुडीच्या अलीकडे दोन स्टॉप, खाली दवाखाना, वर ही एक लांबट खोली. ट्यूबलाइट, पंखे, लाकडी बाकं. या शहरात मला सापडलेली ही एकच जागा, जिथं बसायला कॉफी विकत घ्यावी लागत नाही.

अनघा नखं खात बसली. जानेवारीत तिची सीएची पहिली परीक्षा. एकदा नापास झाली आहे. तिची आत्या विमलाक्का म्हणजे माझी घरमालकीण, त्यांनीच तिला लहानपणापासून वाढवलं. त्यांनी सांगून टाकलंय, हे शेवटचं, नाहीतर दुकानात बिलं करायला जा. घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर माझी भाड्याची. अक्कांना कमी ऐकू येतं. त्यामुळे मालिकेतली सून कोणत्या क्षणी रडून राहिली हे मला वरच्या मजल्यावर कळतं. त्या आवाजात ती पोरगी अकाउंट्स करणार तरी कशी?

गुरु., ६ नोव्हें.

ग्रुप काढला. सौरभ (माझ्याच टीममधला पुणेकर, दोन गल्ल्या सोडून राहतो) म्हणाला, आपण तरुणांनी शहराच्या कामात पडलं पाहिजे, नुसतं ट्रॅफिकवर रडून काय होणार. बरोबर आहे. मीही रडतेच, हेब्बाळच्या पुलावर, आठवड्यातून दोनदा.

मंग काय, कंपनीतले, जिममधले, कोण कोण आले. ग्रुपच्या नावावर दोन संध्याकाळी गेल्या. पुणेकरांना शुद्ध नाव पाहिजे, मुंबईच्या पोरींना कॅची पाहिजे. टीशर्टचा रंगही ठरला. खोली वाचवायची राहिली बाजूला. पण मजा येऊन राहिली, खोटं काऊन बोलू. दीड वर्षात पहिल्यांदा इथं कुणाशी तरी ऑफिस सोडून काहीतरी बोलले.

अक्कांनी खालून विचारलं, "वरच्या, कसला गं गोंधळ?" त्या मला वरचीच म्हणतात. नाव माहीत आहे. तरी वरची.

शनि., १५ नोव्हें.

आजचं लिहायचीही लाज वाटते. पण लिहिते.

वॉर्डसभा दहाला. आम्ही सगळे टीशर्ट घालून. सौरभनं लॅपटॉप लावला. फोटो, नकाशा, सहा ते नऊमध्ये किती जण बसतात त्याचे रंगीत खांब. वॉर्डच्या मॅडम शांतपणे ऐकत होत्या, इंग्रजी चालेल म्हणाल्या, मानही हलवत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरचे कानटोपीवाले आजोबा उठले. चिडून नाही हं, अगदी सहज. "यारिगे इल्लि वोट इदे?" इथं मत कुणाचं आहे?

एवढं कन्नड आम्हाला सगळ्यांना कळलं.

एकही हात नाही वर. सौरभचा हात अर्धा उठला आणि डोकं खाजवून खाली आला. त्याचं मत कोथरूडला. मुंबईवाल्या पोरी ठाण्याच्या. माझं नागपूरला. वॉर्ड वाचवायला निघालो आणि त्या वॉर्डात आमच्यापैकी एकाचंही मत नाही. भैताड, भैताड, भैताड.

मॅडम चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही इथं राहता, तुम्ही बोला, तो तुमचा हक्कच आहे. पण खोली नऊपर्यंत उघडी ठेवायची तर कुलूप, दिवे, सगळी जबाबदारी कुणीतरी घ्यायला पाहिजे. तुम्ही उद्या नोकरी बदलून जाल. मला या वॉर्डातले दोन मतदार द्या. पुढच्या सभेत, सहा डिसेंबरला. तोपर्यंत मी थांबते.

मग विचारलं, "आणि तिथं रोज बसणारी मुलं? त्यांच्यातलं कुणीच नाही आलं?"

ती मुलं त्या वेळी वा.खो.मध्येच बसली होती (वाचनखोली रोज पूर्ण कोण लिहिणार). अभ्यास करत. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

रवि., १६ नोव्हें.

ग्रुपमधून निम्मे गळाले. सौरभ टिकला आहे, त्याला श्रेय द्यायला हवं.

वा.खो.त गेले. अनघाला सगळं सांगितलं. ती आधी हसली. खूप हसली, बाकावर डोकं ठेवून. मग म्हणाली, "माझं आहे की मत. अठरा झाल्या झाल्या अक्कांनी नाव घातलं."

रोज जिन्यात भेटते ही पोरगी.

"मग बोलशील का सभेत?"

हसू गेलं. "मी? छे. मला चार लोकांपुढे घाम फुटतो. आणि अक्का मारतीलच."

बाकीच्या पोट्ट्यांना विचारलं. कुणी सतराचं, कुणी हासनहून आलेलं, कुणाचं नाव अजून घातलेलं नाही. म्हणजे अनघाच. आणि दुसरं नाव कुणाचं ते देव जाणे.

सोम., १७ नोव्हें.

बसवनगुडीत शेंगांची जत्रा. रस्ताभर ढीग. अक्कांसाठी मापटंभर घेऊन आले, लाच म्हणूनच म्हणा ना. ओट्यावर बसून दोघी सोलत होतो, तेव्हा विषय काढला.

ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेडा. नको. आमी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. शहाजीराजांच्या वेळेपासून आमचं मराठी घर इथं आहे. कुणाशी भांडण नाही, कुणापुढे हात नाही. तिचं नाव सुम्मने, उगाचच, त्या ऑफिसात कशाला? उद्या दिवा जळाला तर हिला बोलावणार, कुलूप तुटलं तर हिला."

"अक्का, खोली गेली तर ती नापास होईल."

"मग होईल."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "एवढी वर्षं झाली, तरी पाहुण्यासारखं काऊन राहता हो तुम्ही?"

अक्कांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि आत गेल्या. टीव्ही लावला. आवाज नेहमीपेक्षा मोठा.

तोंड आवरत नाही माझं. बाप्पा, घर सोडायला सांगतात की काय आता. आणि पाहुणी कोण आहे? मीच. कुठल्या तोंडानं बोलले?

मंगळ., २५ नोव्हें.

घर सोडायला नाही सांगितलं. पण बोलत नाहीत. मी उतरले की भिंतीकडे बघतात.

आज मात्र गंमत झाली. अक्कांनी अनघासाठी संध्याकाळी टीव्ही बंद ठेवला. स्वतःहून! म्हणाल्या, "बघ, झाली ना तुझी खोली. कर अभ्यास." आणि मग स्वतः बोलायला लागल्या. म्हैसूरच्या चुलत बहिणीचं ऑपरेशन, भाजीवाल्याचा जावई, पाण्याची मोटार. अनघा वर माझ्याकडे पळून आली पुस्तकं घेऊन. "टीव्ही परवडला गं! त्याला उत्तर तरी द्यावं लागत नाही!"

दोघी तोंडावर उशी धरून हसलो.

मग तिनं उशी बाजूला ठेवली. म्हणाली, "सहा तारखेला मी बोलते. चार वाक्यं. जास्त नाही."

बुध., २६ नोव्हें.

अनघानं (आता नुसतं अ.) सकाळी अक्कांना सांगितलं. मी जिन्यात उभी, कान लावून. आरडाओरडा नाही. मिक्सर चालू झाला, बंद झाला. मग अक्का: "सरी."

सरी म्हणजे बरं. पण कोणत्या चालीवरचं बरं, ते कळेना.

दुसरं नाव अजून नाही. सौरभनं त्याच्या इस्त्रीवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात चांगलं काम आहे. नाव द्यायची वेळ आली की गावाला जायचं असतं.

शनि., ६ डिसें.

जमलं!

नीट लिहिते. सभेत पोचलो. मी, सौरभ (साधा शर्ट), अ. आणि वा.खो.तले बरेच पोट्टे. हो, या वेळी विचारलं होतं त्यांना. नाव पुकारलं तेव्हा उठली आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला वाटलं गेलं सगळं.

मग बोलली. कन्नडमध्ये, खाली बघत. नंतर तिनंच मला सांगितलं ते असं: मी इथंच जन्मले. घरी अभ्यासाला जागा नाही. ही खोली नसती तर मी शिकणं सोडलं असतं. किल्ली माझ्याकडे द्या, मी नऊला कुलूप लावीन, रोज.

चारच वाक्यं. खाली बसली.

कानटोपीवाल्यांनी विचारलं, कुणाची तू? तिनं वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांनी मान डोलावली, ओळखत असावेत. पण मॅडमनी विचारलंच, "आणि दुसरं नाव?"

सौरभ फोनमध्ये इस्त्रीवाल्याचा नंबर शोधायला लागला.

आणि दारातून आवाज आला, नेहमीसारखा मोठा, कारण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही ना: "नन्न हेसरु बरकोळ्ळि!" माझं नाव लिहून घ्या.

विमलाक्का! सणाची जरीची साडी नेसून. कधी आल्या, किती वेळ उभ्या होत्या, कुणास ठाऊक. आत आल्या, मॅडमसमोर सही केली, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाहुणे सही करतात काय गं?"

मला रडूच आलं. सगळ्यांसमोर.

मार्चपर्यंत नऊला बंद. मग पुन्हा बघू, मॅडम म्हणाल्या. सामानाचा विचार तोवर थांबला.

रवि., ७ डिसें.

उशिरा उठले. उन्हात गच्चीवर चहा.

दुपारी वा.खो. झाडली, सौरभनं पंखे पुसले. किल्ली आम्हाला मिळत नाही, झाडू मिळतो. चालतंय की. अ. बाकावर बसून ताळेबंद जुळवत होती, आम्ही तिच्या पायाखालून केर काढला, तिनं मान वर केली नाही. इतकं बरं वाटलं मला ते.

घरी आले तर अक्कांनी डब्यात चटणीपुडी (इथली कोरडी चटणी) ठेवली होती, जिन्याच्या पायरीवर. बोलणं चालू झालं म्हणायचं.

एक मात्र डोक्यातून जात नाही. हात वर करता न येणं.

बुध., १० डिसें.

नागपूरला फोन. बाबांना सांगितलं, मत इकडे आणते.

त्यांना लागणार, मला माहीत होतं. मतदानाच्या दिवशी आमच्या घरी सणासारखं असतं. बाबा पहाटे उठवतात, आंघोळी करून चौघं रांगेत, पहिल्या पाचात नाही लागलो तर बाबांचा चेहरा उतरतो. मग शाईची बोटं घेऊन कोपऱ्यावर तर्री-पोहे. नोकरी लागल्यावरही मी दरवेळी रेल्वेनं गेले, दादा जर्मनीला गेल्यावर तर हमखास. आता मीही नाही म्हटलं तर बाबा आणि आई दोघंच.

शेवटी म्हणाले, "तिकडचीच होऊन राहिली का मग?"

"तसं नाही बाबा. पण इथली खोली मी मागते, आणि मत तिकडे देते. मला लाज वाटली हो."

"हं."

"रागावले का?"

"नाही बे. रागवायचं काय त्यात." आणि लगेच, "पोहे कुठे खाशील?"

फोन ठेवल्यावर पोटभर रडले. अर्ज भरला तरीही. आज भरला नसता तर कधीच भरला नसता.

शनि., २० डिसें.

पडताळणीच्या बाई आल्या होत्या सकाळी, मी खरंच इथं राहते का बघायला. मी वर केस धूत होते. धावत उतरेपर्यंत अक्का दारात उभ्या. बाई विचारत होत्या, भाडेकरू का? किती दिवसांची?

अक्का म्हणाल्या, "नम्म मने हुडुगी." आमच्या घरातली मुलगी.

ओल्या केसांनी जिन्यात तशीच उभी राहिले. वरची म्हणून उतरले होते.

बाई गेल्यावर काही म्हणायला गेले तर म्हणाल्या, "केस पूस आधी. थंडी आहे." आणि आत टीव्ही.

नाव यादीत यायला वेळ लागेल, बाई म्हणाल्या, येईलच असं आत्ता सांगत नाही. वॉर्डची निवडणूक कधी, ते तर कुणालाच माहीत नाही. मार्चमध्ये खोलीचं काय, तेही नाही. अ.ची परीक्षा तोंडावर आली. पोरगी वाळून गेली आहे नुसती, पण रोज नऊला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून येते.

संध्याकाळी बाबांना फोन करून बाईंचं, अक्कांचं सांगितलं. ऐकून घेतलं. हसले थोडे. मागून आईचा आवाज, विचारा ना, विचारा.

"काय विचारायचंय?"

"काही नाही. तिकडची निवडणूक लागली की आधी कळव. आम्ही दोघं येतो म्हणतो, रांगेत नाही, बाहेर उभे राहू." मग, "आणि तिकडे पोहे जाड मिळतात की पातळ, ते विचारून ठेव तुझ्या अक्कांना."

उद्या विचारते.