एरंडेल लावलेल्या हातोड्या

त्या शनिवारी सकाळी सारवण करून, पाणी भरून मी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायला बसले होते. मध्येच आठवले, पियानो पुसायचा राहिलाय. उठले आणि त्याचे वरचे झाकण उघडले. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ते झाकण उघडले नसते तर हे लिहावे लागले नसते.

मी, कोंडाबाई भ्र. धम्मानंद सोनकांबळे, वय सत्तर, राहणार संतपूर, तालुका औराद, जिल्हा बीदर. शाळेत गेले नाही, वाचायला-लिहायला घरी शिकले. डोके ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही. माझ्यामागे काय कुणाचे, ते माझ्याच हाताने लिहिते.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी रूपाली हिची.

दोन. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पत्रेही तिचीच. मालक बीदरला मिशनच्या वसतिगृहात पियानो शिकले, पुढे मुंबईला आणि तिथून व्हिएन्नाला गेले. वीस वर्षे त्यांनी परक्या शहरांतल्या मोठ्या सभागृहांत वाजवले. त्यांची पत्रे धाकटे दीर व्यंकट मला वाचून दाखवत. रूपालीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरे शिकले आणि जुनी पत्रे स्वतः वाचली, तेव्हा कळले की भाऊजी निम्मे गाळत होते. 'कोंडाला इकडे आणायचं म्हणतो' हे तीन पत्रांत होते. मला एकदाही ऐकू आले नव्हते.

तीन. पियानो. साठीला आल्यावर मालक गावी परतले, तेव्हा तो मुंबईहून आणला. आपल्या भागात त्यांनी कधी वाजवले नव्हते. २०१८ च्या मार्चमध्ये कलबुर्गीत पहिला कार्यक्रम ठरला, रविवारी. तिथे पियानो नव्हता, म्हणून हाच लॉरीने न्यायचा होता. शनिवारी ते सभागृह बघायला गेले. इकडे मी झाकण उघडले, तर तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना लोकरीचा नमदा, आणि त्याला कसर लागलेली. किडीवर मला एकच औषध माहीत. अठ्ठ्याऐंशी हातोड्या, एकेक करून, डाळीसारख्या चोळल्या.

संध्याकाळी परत येऊन ते वाजवायला बसले. आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

"कोंडे, काय लावलीस याला?"

"एरंडेल. कसर लागायलती."

त्यांनी एका हातोडीचा नमदा चिमटीत दाबून पाहिला. मग म्हणाले, "तूर न्हाई गं ती."

"मी सांगते सगळ्यांला, माझ्यानं झालं म्हणून."

"सांगू नको. जन्मभर हसतील तुला."

त्यांनी कलबुर्गीला फोन लावला आणि सांगितले, डाव्या हाताची बोटं चालंनात, लॉरी पाठवू नका. मग माझ्या जुन्या लुगड्याचे फडके फाडून हाताला बांधून घेतले. तीन महिने ते चांगला हात बांधून गावात फिरले. जूनमध्ये छातीत कळ येऊन गेले.

मालकांच्या पुण्यानुमोदनाला, विहारात, व्यंकट भाऊजी म्हणाले, "अण्णाला येतच नव्हतं. आपल्या लोकांपुढं बसायची पाळी आली, तवा हात गेला!" लोक हसले. मी समोर बसले होते.

पियानो रूपालीने ठेवावा. नव्या हातोड्या बसवाव्यात, पण हे वाचून होईपर्यंत नाही. आधी भाऊजींनी झाकण उघडून वास घ्यावा. अजून येतो.

चार. विहिरीजवळची दोन एकर भाऊजी कायम मागत आले. ती त्यांना. अट एकच. विहारात, सगळ्यांपुढे उभे राहून म्हणावे, 'माझ्या भावाचे हात शेवटपर्यंत चांगले होते. हातोड्या वहिनीने बिघडवल्या.' मला हसले तर हसू द्यावे. वर्षाच्या आत म्हणाले नाहीत तर जमीन रूपालीची.

पाच. ते फडके पेटीत आहे, धुतलेले. ते माझ्या डाव्या हाताला बांधावे आणि मग मला न्यावे.

वरचे सगळे मी लिहिले, मोठ्याने वाचले आणि दोघांच्या देखत सही केली.

कोंडाबाई

साक्षीदार:
१. विजयश्री, निवृत्त मुख्याध्यापिका
२. सिद्धलिंगप्पा, शेजारी

संतपूर, १२ फेब्रुवारी २०२४

सही करून झाल्यावर सिद्धलिंगप्पा म्हणाले, "अक्का, मग त्या रविवारी काय केलीस?" त्यांनी विचारले म्हणून लिहिते. त्या रविवारी मी उरलेल्या डाळीला एरंडेल लावले, ती उन्हात घातली आणि डबे भरले.