नुसते ओठ

गौलीगुडा, हैदराबाद
६ ऑक्टोबर २०२५

ती. शांताताईस,
इंदूचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. एका परीनं बरंच आहे, हे घरात मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. काल चर्चमध्ये मला किळस आली. तीही क्वायरची.

आमची रीत तुला ठाऊक आहे. पहिलं गीत मागच्या दारातून सुरू होतं, लहान मुलं पुढे, मोठी माणसं मागे. पहिलं कडवं मुलांनी एकट्यांनी, बाजाशिवाय म्हणायचं. त्याआधी आमचे हे मागून खर्जात नुसतं गुणगुणून त्यांना सूर द्यायचे. काल तसंच सुरू झालं आणि मला वाटलं, चला, कुणीतरी सूर द्यायला लागलं. मोठी माणसं माझ्या बाकाशेजारून गेली. त्यांतला मकरंद च्युइंगम चघळत होता आणि त्याच वेळी वरच्या पट्टीत गातही होता. मग मी सगळ्यांकडे नीट पाहिलं. एकाचाही गळा हलत नव्हता. नुसते ओठ. आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता. आणि शेवटच्या ओळीआधी कुणीतरी हळूच घसा खाकरला.

ताई, ते हे होते. दोन वर्षांपूर्वी मातीत ठेवून आलो ते.

करोनात चर्च बंद होतं तेव्हा क्वायरनं घरी पाठवण्यासाठी गीतं रेकॉर्ड केली होती. नवा क्वायरमास्टर प्रशांत आता तीच लावतो. सरावाला कुणी फिरकत नाही आणि उपासनेचा व्हिडिओ असा चांगला निघतो म्हणे. आपल्या हेमंतची तेजश्री पांढरा झगा घालून माशासारखं तोंड उघडत होती. माझ्या नातीला सांगून ठेवलंय, आवाज नक्को, ओठ हलव. देवासमोर!

तुझी तब्येत कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
इंदू


जालना
१८ ऑक्टोबर २०२५

चि. इंदूस, अ. आ.

पत्र पोचलं. कोठीच्या फुटपाथवरची पुस्तकं वाचून वाचून तू सगळ्यात खोट काढायला शिकलीस. एकनाथराव होते तेव्हा त्यांच्या झग्याची इस्त्री नीट नाही म्हणून भर चर्चमध्ये डोळे वटारायचीस, ते मी विसरले नाही.

मला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. पण दुःख त्याचं नाही. आमच्या घरधन्यांचा आवाज कसा होता तेच आता आठवत नाही. चेहरा आठवतो, बोलणं आठवतं, आवाज नाही. तुला दर रविवारी नवऱ्याचा आवाज मिळतो आणि तू नाक मुरडतेस? मी असते तर त्या स्पीकरखाली जाऊन बसले असते.

त्या प्रशांतला सांग, मोबाइलमध्ये भरून दे म्हणावं. आणि पोरीची क्वायरमधली जागा घालवू नकोस. तेजूला गोड पापा. म्हातारीचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
शांताताई


गौलीगुडा
१० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, प्रभूच्या नावात सलाम.

तुझं ऐकलं. तीन रविवार स्पीकरखाली बसले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. डोळे मिटले की हे मागच्या दारात उभे. शनिवारपासून मला रविवारची ओढ लागायची. उपदेशात काय सांगितलं ते विचारशील तर शून्य.

पण काल ह्यांचा सूर आला आणि तेजू खरंच गायली. तिची काय चूक? लहानपणापासून तो सूर आला की गायचं, एवढंच तिला माहीत. रेकॉर्डमधल्या मुलांच्या आवाजावर हिचा आवाज चढला. उपासना संपल्यावर प्रशांतनं सगळ्यांदेखत तिला झापलं, व्हिडिओ खराब केलास म्हणून. झगा काढून घेतला. मकरंद हसत होता, तोंडात च्युइंगम होतंच.

पोरगी रडली नाही. त्याहून वाईट झालं. रात्री घरी प्रार्थनेला आम्ही गीत धरलं तर ही नुसते ओठ हलवते आहे. घरात! हेमंतनं मोठ्यानं म्हण म्हटलं, तर म्हणाली, मी म्हटलं की बिघडतं. ताई, ह्यांनी जिला मांडीवर बसवून सूर धरायला शिकवलं, तिचाच आवाज ह्यांच्या आवाजानं बंद करायचा?

सकाळीच प्रशांतकडे गेले. तो उलट मलाच म्हणाला, अम्मा, हे तर तुमच्यासाठीच लावतो, तुम्ही डोळे पुसता ते सगळे बघतात. माझ्या रडण्याआड लपतो मेला! पाळकसाहेब बरे आहेत. ते म्हणाले, घरच्यांची हरकत असेल तर एकनाथरावांचा आवाज लावणार नाही. सगळ्या गीतांत हेच आहेत, म्हणजे रेकॉर्डच बंद. फक्त मी तसं म्हणायला हवं.

मी म्हटलं की ते पुन्हा ऐकू येणार नाहीत. काय करू ते लिही. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
इंदू


जालना
१९ नोव्हेंबर २०२५

चि. इंदूस, अ. आ.

मागच्या पत्रात मी माझंच रडगाणं लिहिलं. पोरीचं वाचून जेवण गेलं नाही. नाही म्हणून सांग. पण आधी मोबाइलमध्ये भरून घे, वेडेपणा करू नकोस. पुढे माझ्यासारखी चाचपडत बसशील.

तुझी,
शांताताई


गौलीगुडा
२ डिसेंबर २०२५

ती. ताईस, प्रभूच्या नावात सलाम.

नाही म्हणून सांगितलं. मोबाइलमध्ये भरून घेतलं नाही. रागावू नकोस. घरात ते असतं तर मी दिवसभर तेच लावून बसले असते आणि तेजू दारात गप्प उभी राहिली असती.

परवा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मोठ्या क्वायरमधले निम्मे आलेच नाहीत, रुसले. एक बाई मला ऐकू जाईल असं बोलल्या, नवऱ्याचा आवाजसुद्धा हिला सोसवला नाही. मी मान वळवली नाही. अशांना उत्तर द्यायचीही शिसारी येते.

पाळकसाहेबांनी तेजूचा झगा परत देववला. मुलं मागच्या दारात उभी राहिली. सूर द्यायला कुणीच नाही. प्रशांत वेदीजवळून हात हलवत होता, पण हातातून काय सूर निघणार? लोक वळून बघायला लागले. आणि तेजूनं एकटीनं सुरुवात केली. पण केली कशी, तर आजोबा द्यायचे त्याच खर्जात! ते खाली गुणगुणायचे आणि मुलं वर उचलायची, एवढं तिला सुचलं नाही. बाकीची मुलंही तिच्यामागे खाली उतरली. बेडकं डरावावीत तसं पहिलं कडवं झालं. कुणीतरी खिदळलं. दुसऱ्या कडव्याला बायकांनी वर उचललं तेव्हा कुठे गाणं वाटलं. शेवटच्या ओळीआधी माझे कान आपोआप टवकारले. कुणी खाकरलं नाही. ओळ तशीच पुढे गेली.

रात्री प्रार्थनेला तेजू इतक्या मोठ्यानं गायली की सुनेनं, हळू गं, शेजारी झोपलेत, म्हणून दटावलं.

तू नाताळला ये. हेमंत न्यायला येईल. तुला पुढच्या बाकावर बसवते. ऐकू येणार नाही तर कशाला येऊ, असं म्हणू नकोस. तू गळ्यांकडे बघ. आता हलतात. मकरंदचासुद्धा.

वाट पाहते. येताना ती सगळी माया घेऊनच ये.

तुझी,
इंदू