बरं आहे म्हणण्याची सवय

३ मार्च

चि. वन्संबाईस अ. उ. आ.

त्या सकाळी दूध उतू जाईल म्हणून मी गॅसपाशीच उभी होते. डबे भरत होते, आणि तुझे दादा खिडकीशी वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होते. कड कडेला जुळल्याशिवाय घडी पुढे सरकायची नाही. सगळा जन्म कागद कापण्यात गेलेला. मध्येच थांबले आणि भिंतीला हात लावला. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले, बरं आहे, तू हो पुढे. मी डब्याचं झाकण लावलं आणि झाले पुढे. दुपारी ते कारखान्यात मशीनपाशीच कोसळले, ते गेलेच. दर पत्रात हेच काय सांगतेस, असं म्हणशील. पण काल जिन्यात मी तशीच भिंत धरून उभी होते, खालच्या शिवणवाल्या बाईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडून तेच दोन शब्द निघाले.

हाताचं तसंच आहे. मानेतली दबलेली नस आता सुटायची नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलंय. काही सकाळी बोटं मिटतात, काही सकाळी नाही. उठल्याशिवाय कळत नाही. तू दिलेला निळा कप परवा गेला. अपंगत्वाचा भत्ता चालू आहे म्हणून घर चालू आहे, हे तुला ठाऊकच.

आता खरी गोष्ट. मी आणि तुझे दादा कामाला होतो त्या बाइंडिंगच्या कारखान्यातून मालकांचा निरोप आलाय. शिवण नाही, गठ्ठे उचलणं नाही, नुसतं खुर्चीत बसून जुळणी तपासायची. म्हणजे छापून घडी घातलेले फर्मे क्रमाने लागलेत ना, एखादा उलटा किंवा दोनदा तर नाही, एवढं बघायचं. आठवड्यातून दोन सकाळी, आणि हात नाही म्हणाला तर आलं नाही तरी चालेल. तू हसशील, पण मला त्या कागदांची भूक लागलीय. शाळा लहानपणीच सुटली, वाचायला शिकले ती त्याच टेबलावर. कितीतरी पुस्तकं मला नुसती मधूनच माहीत आहेत. माणूस बोटीत चढतो एवढं मला कळायचं. उतरला की बुडाला, ते पलीकडच्या टेबलावर.

भत्त्याच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं काम केलं तर चालतं, फक्त आम्हाला कळवा. कळवू आणि जाऊ? की कामाचं नावच सोडू? तुझ्या ह्यांनाही विचार.

लोभ ठेव, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

तुझी वहिनी

१० मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कपाचं मनाला लावून घेऊ नकोस, मला तरी तो कुठे आवडत होता.

ह्यांना विचारलं. ह्यांचं म्हणणं, आणि ते जन्मभर फायलीत डोकं घातलेल्या माणसाचं म्हणणं आहे, की घरी बस. तुझा हात हलतो हे ऑफिसला एकदा दिसलं, की ते तेवढंच धरून बसतील. माझं म्हणणं वेगळं. तू जा, पण कळवू नकोस. खुर्चीत बसून कागद चाळणाऱ्या बाईच्या मागावर कोण येणार आहे? आमच्या गल्लीतला फर्निचरवाला पाठीचा भत्ता घेतो आणि कपाट एकटा उचलतो. सगळी गल्ली बघते, कपाट कुठे ठेवू ते विचारतेसुद्धा.

पण मी तुला ओळखते. तू खिडकीवर जाऊन सगळं सांगशील, आणि वर विचारशील की आणखी काही सांगायचं राहिलं का. दादाही असाच होता.

इथे येऊन राहा म्हटलं तर तुझा पाय निघत नाही. निघणार कसा, तिथे दादाचे टॉवेल आहेत. मुलं आठवण काढतात. माझा गुडघा जरा कुरकुरतो, बाकी इकडे सर्व बरं.

माया आहे तशी राहू दे, आणि रागावलीस तर पत्राने रागाव.

तुझी वन्सं

२ एप्रिल

चि. वन्संबाईस अ. उ. आ.

तू ओळखलंस तसंच केलं. खिडकीवर जाऊन सांगितलं, आणि खरंच विचारलं की काही राहिलं का. न कळवता गेले असते, तर प्रत्येक फर्म्यासोबत एक कान दाराकडे राहिला असता. मग वाचायचं काय?

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. तुझ्या दादांचा एप्रन अजून त्याच खुंटीवर होता, कुणी हलवला नव्हता. मी तोच घातला. सध्या दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या एका बाईची कादंबरी चाललीय. पोरी म्हणतात, मावशी तपासत नाहीत, वाचतात. पण दोन उलटे फर्मे मीच पकडले.

गेल्या आठवड्यात एका सकाळी दारावर भत्त्याच्या ऑफिसचा तपासनीस आला. तुझ्या थोरल्याच्या वयाचा, सभ्य मुलगा. दारातूनच विचारलं, कशा आहात. मी म्हटलं, बरं आहे, या ना आत. हे मी बोलले असं नाही गं, ते आपोआप निघालं. चहा केला. नेमकी बोटं मिटायची सकाळ होती, तर कौतुकाने ट्रे दोन्ही हातांनी आणला. कप खाली पडला नाही म्हणून मनातून खूश होते. तो काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, पत्ता लिहितोय.

आज ऑफिसचं पत्र आलं. लिहिलंय की लाभार्थी स्वतःच बरे असल्याचे सांगते, भरलेला ट्रे दोन्ही हातांनी उचलते, कामावर नियमित जाते. म्हणून भत्ता थांबवला आहे, समितीपुढे हजर राहावे. तिन्ही वाक्यं खरी आहेत, वन्सं. एकातही खोट काढता येईना. वाचता येतं याचा आज पहिल्यांदा राग आला.

मालकांकडे गेले. म्हटलं, काम किती हलकं आहे, एवढं एका कागदावर लिहून द्या. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, मावशी, तुमचं नाव हजेरीवर नाही, मी लिहून दिलं तर मलाच विचारतील. तुम्ही येत राहा की, आम्ही कधी नको म्हटलंय? म्हणजे खुर्ची माझी, पण तिच्यावर बसलेलं कुणीच नाही.

तुझ्या ह्यांना सांग, त्यांचंच खरं झालं. त्यांना आनंद होऊ देऊ नकोस.

आठवण काढत राहा, तेवढ्याने इकडे हलकं वाटतं.

तुझी वहिनी

९ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

ह्यांना आनंद झाला नाही. पत्र वाचून जेवलेसुद्धा नाहीत.

हे दुखणं आमच्या घरचं आहे. बाबांनी लावलेलं. दारात आलेल्याला घरातलं दुखणं सांगायचं नाही. आई आत तापाने फणफणलेली असायची आणि बाबा उंबऱ्यात उभे राहून हसत सगळं बरं आहे म्हणायचे. दादाने तेच उचललं, आणि जाताना तुझ्या पदरात टाकून गेला. माझंही काय वेगळं? मागच्या पत्रात लिहिलं तो गुडघा कुरकुरत नाही, मला जिना चढवत नाही. तरी खाली बरं म्हणून लिहिलं.

आता माझं ऐक. समितीपुढे जाताना केस विंचरू नकोस. खुर्चीत बसताना कण्ह. कशा आहात म्हणून विचारलं तर पदर डोळ्याला लाव, बोलूच नकोस, कारण बोललीस की घोटाळा करशील. आणि काम आधी सोड. आमचे हे असंच म्हणतात, आणि या वेळी मला ह्यांचं पटतंय, याचाच जास्त संताप येतोय.

काय झालं ते लगेच कळव, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी वन्सं

२३ एप्रिल

चि. वन्संबाईस अ. उ. आ.

केस विंचरून गेले. एवढं माफ कर.

टेबलामागे तिघं होते. मधले साहेब, एक लिहिणारा, आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंनीच आधी विचारलं, कशा आहात. जिभेवर बरं आलं होतं. गिळलं. म्हटलं, बरी नाही. एवढंच बोलले, आणि शिवी दिल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी मूठ मिटायला सांगितली. मिटली नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. आणि वन्सं, मला आनंद झाला. स्वतःचा हात निकामी निघाला म्हणून मी मनातल्या मनात हसले. ट्रे उचलला तेव्हाही अशीच हसले होते. माणसाला इतकं खाली आणायला ह्या लोकांना आवाजही चढवावा लागत नाही.

साहेबांनी नियम समजावून सांगितला. कळवून काम करायची जी सवलत आहे, ती ज्यांची तब्येत सुधारते आहे त्यांच्यासाठी. माझी सुधारत असेल तर काम करावं, आणि पुढे भत्ता बंद. सुधारत नसेल तर भत्ता घ्यावा, आणि काम करू नये. मी विचारलं, ज्याची एक सकाळ हाताची असते आणि एक बिनहाताची, त्याने काय करायचं. ते म्हणाले, तसा रकाना नाही. वाईट माणूस नव्हता गं, खरंच नाही म्हणूनच सांगत होता. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. काय ते चार दिवसांत लेखी द्या म्हणाले.

खिडकीवरच्या बाईंनी हे का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. त्यांना कळवा एवढंच सांगायचं काम असेल.

भत्ता सोडला तर त्या दोन सकाळींवर घरभाडंसुद्धा निघत नाही. काम सोडलं तर घर राहतं, पण घरात मी काय करायचं? भिंतीकडे बघायचं, जिला तुझे दादा हात लावून उभे होते. माझं मन अजून होत नाही. कादंबरीतली ती बाई रोज दिवा लावते. बोटी जातात, एक थांबत नाही. शेवटी कुणी येतं का, ते मला बघायचंय.

गुडघा डॉक्टरांना दाखव, आणि त्यांना बरं आहे म्हणू नकोस.

माया असू दे, आता मला तिची गरज जास्त आहे.

तुझी वहिनी

ता. क. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी बोटं छान मिटत होती. कारखान्यात गेले आणि टेबलावर आलेले फर्मे तपासून संपवले. कादंबरीचा शेवटचा फर्मा अजून छपाईहून आला नव्हता. एप्रन काढला, कड कडेला जुळवून घडी घातली आणि पिशवीत ठेवला. दारात मालकांनी नेहमीसारखं विचारलं, बरं आहे ना. मी नाही म्हणाले. तिथून ऑफिसात गेले आणि काम सोडल्याचं लिहून दिलं.