कोब्याचा टँकर

लातूर, ता. ४ एप्रिल १९८६

ती. आबांना पंचशीलाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. आईचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. नव्या जिल्ह्याला दुसरं काही नसलं तरी पोहण्याचा तलाव पाहिजेच, असं इथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबाला वाटलं. काम आमच्या खात्याकडे आलं आणि देखरेख माझ्याकडे. म्हणजे इंजिनिअर म्हणून तुमच्या मुलीचं हे पहिलंच काम. परवा तलावाच्या चारी बाजूंचा कोबा टाकला. पाच इंच जाड, साडेसात फूट रुंद. तुम्ही असता तर माझ्या गवंड्याच्या हातातली थापी हिसकावून घेतली असती. आता एकवीस दिवस त्यावर पाणी ठेवायचं. मातीचे वरंबे घालून वाफे केलेत आणि ते भरायला रोज एक टँकर येतो.

कुंपणापलीकडे खडी फोडणाऱ्यांची वस्ती आहे. या कोब्यातली खडी त्यांनीच फोडलेली. त्यांचा बोअर फेब्रुवारीत आटला. काल सकाळी दोन-तीन बायका कुंपणातून आत आल्या आणि वाटीवाटीनं वाफ्यातलं पाणी घागरीत भरू लागल्या. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तर दुपारी बांधकामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या मुकादमानं, पंचाक्षरीनं, काय करावं? वाफ्यांत रॉकेल ओतलं! पाणी चोरीला जाऊ नये म्हणून. वर मलाच समजावतो की काँक्रीटला काय वास येतोय का बाई.

मी तशीच उठून मोठ्या साहेबांकडे गेले आणि रोजचा अर्धा टँकर वस्तीला द्या म्हणाले. त्यांचं उत्तर असं की टँकर कामाच्या नावावर मंजूर आहे, माणसांच्या नावावर नाही. शिवाय वस्ती नगरपालिकेत की ग्रामपंचायतीत, हे अजून ठरलेलं नाही. आबा, तळपायाची आग मस्तकात गेली. आज सकाळपासून मी कोब्यावर पाणी बंद केलंय. माणसं तहानलेली असताना दगडाला पाणी पाजायला मी शिकले नाही.

आईला सांगा, मी जेवते वेळेवर. माझ्या रागासकट मला आपली म्हणा.

तुमची पंचशीला

———

हिमायतनगर, ता. ८ एप्रिल १९८६

चि. पंचशीला हिस लिंबाजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि तसाच पोस्टात जाऊन तार केली. पाणी चालू ठेव, एवढीच. पोस्टमास्तर मला दोनदा विचारून राहिला की कोण आजारी हाय. मी म्हणालो, कोबा.

तुला लाज कशी वाटली नाही? चैताच्या उन्हात दोन दिवसांचं कच्चं काँक्रीट कोरडं ठेवलंस! त्याचा काय गुन्हा? रॉकेल त्यानं ओतलं का? चाळीस वर्षं मी थापी धरली, पण एक ओटासुद्धा असा उपाशी ठेवला नाही. राग बरोबर आहे तुझा, काढलास भलत्यावर.

तुझी आई ऐकत होती. तिनं एक गोष्ट सांगितली, ती तुला कधी सांगितली नव्हती. नांदेडला एका सरकारी इमारतीवर मी गवंडी होतो आणि ती स्लॅबला पाणी मारायला होती. दिवसभर हौदातून घागरी भरायची आणि ओतायची. पण प्यायच्या रांजणाला तिनं हात लावायचा नाही. वरून कुणी ओंजळीत ओतलं तरच प्यायचं, आणि ओतणारा यायला कधी कधी तिसरा प्रहर व्हायचा. तिच्या हातचं पाणी स्लॅबला चालायचं. हे सांगताना ती रडली नाही. 

उपाय तिचाच आहे. वाफे मोड. पोती पसर आणि ती ओली ठेव, पाणी निम्म्यावर येतं. टँकर आला की आधी वस्तीतल्या बायकांना भरू दे. त्यांनी भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं, हातपाय धुतलेलं पाणी टाकून न देता संध्याकाळी पोत्यांवर आणून ओतायचं. साबण-सोड्याचं तेवढं नको.

हाच आशीर्वाद, आणि हीच दटावणी.

लिंबाजी

———

लातूर, ता. १९ एप्रिल १९८६

ती. आबांना आणि ती. आईला सविनय जयभीम, वि. वि.

तार वाचून आधी हसले, मग धावत जाऊन पाणी सुरू केलं. वाफ्यांत आधीचं पाणी होतं म्हणून तीन दिवसांचं उपाशीपण कोब्यानं सोसलं, कुठे भेग नाही. आईची युक्ती तर अशी लागू पडली की पंचाक्षरीसुद्धा गप्प झाला, कारण पोती भिजवायचं त्याचं काम बायकाच करतात. सकाळी पंचवीस-तीस घागरींची रांग लागते आणि संध्याकाळी त्याच बायका बादल्या घेऊन परत येतात. गुरम्मा नावाची एक आहे, ती सगळ्यांवर हुकूम चालवते. कुणी साबणाचं पाणी आणलं तर कुंपणावरूनच हाकलते. त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी वेगळे काढलेले ठोकळे सातव्या दिवशी यंत्रात दाबून पाहिले, पाहिजे त्यापेक्षा जास्तच ताकद निघाली.

आता खरी गोष्ट. क्लबाचे सेक्रेटरी आप्पासाहेब यांना हे कळलं. काल साइटवर आले आणि सगळ्यांसमोर मला विचारलं की त्या वस्तीच्या उष्ट्या-खरकट्या पाण्यावर मुरलेल्या फरशीवर आमच्या घरची माणसं अनवाणी चालणार का. कोबा फोडून नवा टाका म्हणतात. फोडायला कारण पाहिजे, म्हणून एक कागद टाइप करूनच आणलाय. घाण पाण्यामुळे काँक्रीट निकामी झालं, असं त्यात आहे आणि खाली माझं नाव. जूनमध्ये माझी नोकरी पक्की व्हायची आहे, याची आठवणही त्यांनी हळूच करून दिली.

मी सही करणार नाही. कागद टेबलावर पेपरवेटखाली ठेवलाय.

आशीर्वाद असू द्या, सध्या त्याची जरा जास्त गरज आहे.

पंचशीला

———

हिमायतनगर, ता. २३ एप्रिल १९८६

चि. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सही करायची नाही. नोकरी गेली तर घरी ये, दोन भाकरी आहेत. पण चांगल्या कामाला निकामी म्हणणारा कागद माझं नाव लावणारी मुलगी लिहिणार नाही. त्या आप्पासाहेबाला म्हणावं, घरातल्या भिंतींना कुणाकुणाच्या हातचं पाणी मुरलंय ते एकदा विचारून बघा आणि मग मैदानात जाऊन झोपा. आईचंही हेच म्हणणं आहे, फक्त तिचे शब्द मी लिहू शकत नाही.

घट्ट राहा, एवढीच मागणी.

लिंबाजी

———

लातूर, ता. २९ एप्रिल १९८६

ती. आबांना सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र मिळताच उत्तर लिहा, एक दिवसही थांबू नका.

एकवीस दिवस संपले आणि गुरुवारपासून टँकर बंद झाला. कोब्याला पाणी नको, म्हणजे टँकर नको. वस्तीतल्या बायका पुन्हा कोसभर लांबच्या विहिरीवर जातात. तिसऱ्या दिवशी गुरम्मा ऑफिसात आली. तिनं विचारलं की बाई, अजून कुठं काही टाकायचं राहिलंय का. मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. काँक्रीट टाकलं तरच पाणी येतं, तर मग टाका की कुठंतरी.

काल ती परत आली. कागदाची गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीय. कोबा फोडला तर नवा टाकावा लागेल, आणि नवा टाकला तर अजून एकवीस दिवस टँकर येईल, हा हिशेब तिनं मला करून दाखवला. माझ्या एका सहीवर एवढी पोरंबाळं पाणी पितील, मग मी कुणासाठी अडून बसलेय, असं तिनं विचारलं. आबा, तुमची शिकवण सांगितली असती तर ती काय म्हणाली असती?

राहिल्या आहेत त्या फक्त पूर्वेच्या बाजूच्या बसायच्या पायऱ्या, दहा. त्या गुत्तेदार पाऊस लागल्यावर एका दिवसात उरकणार आहे. उद्घाटन ऑगस्टात आहे.

तुम्ही म्हणाल तसं करीन, पण या वेळी माझ्या जागी उभं राहून सांगा.

पंचशीला

———

हिमायतनगर, ता. ३ मे १९८६

चि. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागच्या पत्रात लई मोठ्या तोंडानं बोललो. घरात रांजण भरलेला असला की बोलता येतं. ती बाई चुकीचं बोलून नाही राहिली.

तरी सही करू नको. आज तुझ्या हातानं चांगल्याला निकामी लिहिलंस, तर उद्या निकामीला चांगलं लिहायला हेच लोक येतील. पण पायऱ्या आहेत ना? मोठ्या साहेबाला लेखी दे की उघड्यावरच्या पायऱ्या एकदम टाकायच्या नसतात, एक आवळून घट्ट झाली की दुसरी, आणि शेवटच्या पायरीचे पाण्याचे दिवस संपेपर्यंत पोती ओली राहिली पाहिजेत. यात काही खोटं नाही. नदीच्या घाटावर मी असंच काम केलंय. फक्त आजपर्यंत एवढ्या सावकाश केलं नव्हतं.

कोब्याच्या नावानं माग. माणसाच्या नावानं देणार नाहीत ते.

लिंबाजी

———

लातूर, ता. १८ जून १९८६

ती. आबांना व ती. आईला सविनय जयभीम, वि. वि.

आज नववी पायरी टाकली, दहावी चार दिवसांनी. मोठ्या साहेबांनी माझा अर्ज न वाचताच मंजूर केला आणि दहा मेपासून टँकर परत येऊ लागला. मी सही केली नाही, आणि कोबाही फोडला नाही. ठोकळ्यांचा अहवाल पाहून साहेब म्हणाले की फोडायचं कारण कोण देणार? आप्पासाहेब त्यावर काथ्याची चटई अंथरणार आहेत, घरच्या माणसांच्या पायांसाठी.

पण सोळा दिवस पाणी नव्हतं. त्या सोळा दिवसांत गुरम्माची सासू सिद्धम्मा विहिरीत उतरताना पडली आणि तिचा खुबा मोडला. ती अजून खाटेवर आहे. गुरम्मा रोज पाणी भरते, रोज बादली आणून ओतते, पण माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी सही केली असती तर टँकर लवकर आला असता. खरंच आला असता का, मला माहीत नाही. रोज विचार करते.

काल ऑफिसकडून पत्र आलं. भर दुष्काळात काँक्रीटला एक दिवसही पाण्याची उणीव भासू दिली नाही, याबद्दल खात्यानं माझं कौतुक केलंय. वस्तीचा त्यात उल्लेख नाही. ते वाचून इतका संताप झाला की मी ते पत्र घेऊन सरळ कुंपणापाशी गेले आणि गुरम्माला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की दहाव्या पायरीनंतर काय. उत्तराची वाट न पाहता ती घागर उचलून गेली.

त्याच लिफाफ्यात नोकरी पक्की झाल्याचा हुकूम आहे. आईला सांगा. पेढे मात्र वाटू नका.

तुमची पंचशीला