उत्तरेचा उतार

९ फेब्रुवारी, सोलापूर
आजही मी सिद्धूला ‘नको’च म्हणाले! तो तिकडे मनालीच्या वर, पाच पाहुण्यांना स्कीवर डोंगर फिरवायला घेऊन गेलाय. आणि मी इथे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर. दरवर्षी आम्ही दोघं भाऊ-बहीण बरोबर असायचो. आता तो रोज सकाळी बर्फात खड्डा खणतो, थरांचे फोटो पाठवतो, कुठल्या उतारावरून जायचं ते मी बघून सांगते.

आजचा फोटो वाईट. वर वाऱ्याने दाबलेला फळीसारखा थर, खाली साखरेसारखा सुटा बर्फ. फावडं थापटलं तर वरचा ठोकळा सरळ घसरून आला म्हणे! माणसांच्या वजनाने अख्खा उतारच असा सुटून अंगावर येऊ शकतो.

“उत्तरेच्या उतारावर जाऊ नकोस.”

“अक्का, लई भारी बर्फ हाय की! दुसरा ग्रुप कालच उतरला तिथनं.”

“ते वाचले. त्यानं उतार चांगला ठरत नाही.”

त्याने फोनच ठेवला.

१० फेब्रुवारी
आईने धरून गुडघा वाकवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं. पंखा गरम वारा फेकतोय. सिद्धूला परत ‘नको’.

११ फेब्रुवारी
थर तसाच. तिथे ऊन लागत नाही, खालचा बर्फ इतक्यात घट्ट होणार नाही — कितीदा सांगायचं? पाहुणे कुरकुरतायत. झाडीतल्या सौम्य उतारावर नेलं तर म्हणतात, “यासाठी एवढ्या लांब आलो का?” शेवटी सिद्धूही चिडला — “सोलापुरात पंख्याखाली बसून तुला काय कळणार?”

खोटं नाही ते. पायाखाली बर्फ ‘धप्प’ करून बसतो, तो आवाज फोटोत कुठून येणार? स्कीवरून पडून गुडघा गेल्यापासून मीच भित्री झालेय का? नाही म्हणायचासुद्धा कंटाळा आलाय आता. हो म्हटलं तर सगळेच खूश होतील.

तरी लिहून पाठवलं — नको.

१२ फेब्रुवारी
फोटो नाही. निरोप नाही. दिवसभर फोन उशाशी. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
सिद्धूचा फोन! काल सगळ्यांना घेऊन त्याच उतारावरून उतरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. “बघितलंस? उगं भीत होतीस.” आईने देवापुढे साखर ठेवली.

मी विचारलं, “आज खड्डा खणलास?”

“आता कशाला, अक्का?”