शेवंतीच्या कपाटाची दारं

आदरणीय दादांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. कंबरेची अवस्था अशी आहे की खरोखर घातला तर उठवायला तुम्हालाच यावं लागेल.) तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि वर्कशॉपच्या उंबऱ्यात झोपणारं ते एका कानाचं मांजर, सगळे आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. सात वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्हीही मला लिहिलं नाही. आधी कोणी लिहायचं या वादात मी हरलो असं समजा. सात वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या स्वयंपाकघराला दार बसवलंत, ते खाली घासत होतं, आणि मी चार पाहुण्यांसमोर म्हणालो की सख्ख्या बहिणीकडे अशी दारं, तर गिऱ्हाइकांनी पडदेच लावून घ्यावेत. तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. ते दार अजून घासतं. पण गेल्या तीन महिन्यांत मी स्वतः दोन दारं केली, आणि दार करणं म्हणजे काय हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळलं, म्हणून हे पत्र.

तुमच्या बहिणीच्या आजाराचं वहिनींकडून कळलं असेल. (वहिनी तिला फोन करतात हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. ते तसंच राहू द्या.) कळलं असेल ते एवढंच, की दुखणं रेंगाळणारं आहे आणि चार-पाच वर्षं सहज निघतील. ते खोटं आहे. मी ते तिला सांगितलं आणि तिने सगळ्यांना. एक्स-रे विभागाच्या डार्करूममध्ये मी एकतीस वर्षं फिल्म धुतल्या, तेव्हा तिची फिल्म हातात आली त्या वेळी डॉक्टर जेवायला गेले होते तरी काही अडलं नाही. मी ती खिडकीला धरली, आणि ते हात धुऊन परत येईपर्यंत मला सगळं समजलं होतं. नंतर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. थंडी बघतील असं वाटत नाही, म्हणाले.

आता नेमकी थंडीच का, तर शेवंती. गॅलरीत चार कुंड्या आहेत. मूळ रोप तुमच्याच अंगणातलं, पदराआड लपवून आणलेलं (तुम्ही तेव्हा नाही म्हणाला होतात). वर्षभर ती त्यांची पानं पुसते आणि थंडीत त्या फुलल्या की म्हणते, चला, वर्ष वाया नाही गेलं. त्या दिवशी हॉस्पिटलमधून परत येताना ती गाडीत मला सांगत होती की यंदा पिवळीला दुप्पट फुलं येणार, पानांचा रंगच सांगतोय. मी खिडकीबाहेर बघत हो हो करत राहिलो. घरी तिला झोपवलं आणि तडक रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी म्हणाला, शेवंती थंडीची वाट बघत नाही, ती रात्रीची लांबी बघते. रोज चौदा तास गडद अंधार द्या, मधे एक तिरीपही नको, की भर उन्हाळ्यातही नऊ-दहा आठवड्यांत फुलते. दादा, गडद अंधार! जन्मभर मी दुसरं काय केलं? लोक मला घुबड म्हणायचे, तुम्हीही म्हणायचात. माझ्या अंधाराला पहिल्यांदाच मागणी आली.

पण हे तिला कळता कामा नये. (गॅलरी तिच्या पलंगावरून दिसत नाही, आणि पानं आता मी पुसतो असं तिला सांगून ठेवलं.) कळलं तर ती विचारणार, एवढी घाई कशाला, थंडीत आपोआप फुलतीलच की. या प्रश्नाला जे उत्तर आहे ते मला देता येत नाही. म्हणजे दारं अशी हवीत की आत उजेड शिरू नये, आणि आत काही आहे असा बाहेरून संशयही येऊ नये. फुलं आली की कुंडी तिच्या उशाशी ठेवायची आणि म्हणायचं, बघ, झाडाला वेड लागलंय, अवेळी फुललं. हे वाक्य मी न्हाणीघरात आठ-दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

कपाट घेतलं ते तिचंच, मागच्या खोलीतलं, कारण तेवढं खोल दुसरं नाही. माणूस जन्मभर अंधारात काम करतो तेव्हा उजेडात आपण कसे दिसतो याचं त्याला भान राहत नाही. ती पलंगावर, मधलं दार सताड उघडं, आणि मी तिच्या डोळ्यांसमोरून तिचे कपडे कवेत भरून बाहेर नेतोय. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "अहो, मी आहे अजून."  माझ्या हातात तिचा निळा स्वेटर, काखेत चपलांचा खोका. मग तिने अगदी हळू विचारलं, डॉक्टर तुमच्याशी वेगळं काही बोलले का. माझ्या तोंडून निघालं, "वाळवी." तिने माझ्या हातातल्या स्वेटरकडे बघितलं. मग म्हणाली, वाळवी असेल तर नीट झटकून घड्या घाला. मी तिच्यासमोर बसून एकेक कपडा झटकला आणि नसलेली वाळवी दोनदा चिरडूनही दाखवली. त्या दिवसापासून एक धडा घेतला. या घरात मी जरा काही वेगळं केलं की ती त्यातून एकच अर्थ काढते.

दारांचं थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगणार नाही. ऐकणारा सुतार मला पुन्हा कुठे मिळणार?) जुन्या दारांमधे बोटभर फट होती. मी नवीन प्लायवूड आणलं, आतून काळं रंगवलं, चौकटीला चहूबाजूंनी जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या. उजव्या दाराच्या कडेला उभी पट्टी ठोकली, ती डाव्यावर दोन बोटं चढते. बाहेरून मात्र जुनाच रंग आणि जुन्याच मुठी. हवेसाठी मागून नळी काढून तिला दोन वळणं दिली, कारण हवा वळते आणि उजेड वळत नाही. पहिलं दार उलटं लागलं. दुसरं सरळ लागलं, पण मिटेना. रंधा मारला तर इतकं मिटलं की उघडेना. अशा वेळी मला स्वयंपाकघरातल्या दाराची फार आठवण यायची आणि तुमचीही, पण शिव्या मात्र मी स्वतःलाच दिल्या.

अंधाराची खात्री करून घ्यायची आमची रीत एकच आहे. आत बसायचं, दार लावायचं आणि पंधरा मिनिटं गप्प राहायचं. डोळे सरावले की उजेड कुठून गळतो ते दिसतं, तिथे खडूने खूण करायची. झाडं ठेवण्याआधी एका दुपारी मी तसा बसलो आणि बाहेरची कडी आपोआप पडली. (ती मीच बसवली होती. जन्मात माझ्या हातून नीट बसलेली एवढी एकच वस्तू.) मी आधी हळूच ठोकलं, कारण घरात फक्त तीच होती आणि तिला कळायला नको होतं. शेवटी तिचाच आवाज आला, "अहो, कपाटात कोण आहे?"

"मी."

"काय करताय?"

"वाळवी बघतोय."

"दार लावून? अंधारात?"

मी म्हणालो, वाळवी अंधारातच असते. मग तिच्या वॉकरचा आवाज आला. पलंगापासून कपाटापर्यंत अकरा पावलं आहेत. आठवडाभर ती उठली नव्हती. मी आतून ओरडत होतो की उठू नकोस, शेजारच्या बाई चारला येतातच. ती आली. दोन पावलं, मग थांबणं, मग पुन्हा दोन पावलं, मी आत बसून मोजत होतो. कडी काढली तेव्हा मी गुडघे हनुवटीला लावून, हातात खडू घेऊन बसलेला. ती इतकी हसली की तिला सावरता सावरता मीच पडायला आलो. परत मी तिला उचलून नेलं, तेव्हा ती किती हलकी झाली आहे ते कळलं. त्यानंतर ती पलंगाखाली उतरलेली नाही. तिची शेवटची अकरा पावलं माझ्या मूर्खपणापायी खर्ची पडली, आणि हे मला रोज आठवतं.

वाळवीची थाप पुढे अंगाशी आली. तिने शेजारच्या बाईंना सांगितलं (त्या निवृत्त मुख्याध्यापिका, ऐकलेली गोष्ट तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही) आणि त्यांनी फवारणीवाला धाडला. मी औषधं आणायला गेलो होतो. परत येतो तर त्याने कपाट उघडलेलं. काळ्या भिंती, दिवसाच्या दहा तासांसाठी लावलेली ट्यूबलाइट, भिरभिरणारा छोटा पंखा आणि चार कुंड्यांत कातरलेली हिरवी पानं. त्याने माझ्याकडे इतक्या आदराने बघितलं की एकतीस वर्षांच्या नोकरीत तसं कोणी बघितलं नव्हतं. मी गयावया करून सांगितलं की बाबा रे, ही खरंच शेवंती आहे. "शेवंतीच म्हणायचं का? बरं काका, शेवंती," म्हणाला आणि दारं हलकेच लावून, न फवारता गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा एक मित्र थोडी शेवंती मागायला आला. मला चारचौघांत गांजावाला म्हणून बदनाम व्हायचं दुःख नव्हतं. तो मोठ्याने बोलत होता आणि ती जागी होती, एवढीच धास्ती होती.

आता खरी चूक सांगतो. कळी आली का हे बघितल्याशिवाय मला राहवेना, आणि दार उघडलं की अंधार मोडणार. म्हणून मी डार्करूममधला माझा जुना लाल दिवा आत टांगला आणि दाराला पेन्सिलीएवढं भोक पाडून बाहेरून झाकण लावलं. लाल उजेडात फिल्मला काही होत नाही. ही एकच गोष्ट मी आयुष्यात पक्की शिकलो होतो. संध्याकाळ झाली की डोळा भोकाला लावायचो. असे सहा आठवडे गेले. पानं तरारली, झाडं वीतभर वाढली, कळी मात्र एक नाही. शेवटी माळ्याकडे गेलो आणि मोठ्या फुशारकीने दिव्याचं सांगितलं. त्याने हातातली झारी खाली ठेवली. "काका, शेवंतीला लाल दिवा म्हणजे भर दुपार," म्हणाला. फिल्म लाल उजेडाला आंधळी असते, आणि झाड नेमकं त्यालाच जागं राहतं. सहा आठवडे मी तिला रात्र दिली असं समजत होतो आणि तिच्या डोक्यावर ऊन धरून बसलो होतो. आता पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा नऊ-दहा आठवडे, आणि त्याच सकाळी डॉक्टर घरी येऊन म्हणाले होते की आता आठवडे धरू नका. मी घरी आलो, कपाटात बसलो, दार लावून घेतलं आणि रडलो. (कडी या वेळी सुतळीने बांधून ठेवली होती.)

तर दादा, मुद्द्याचं सांगायचं ते असं की डाव्या दाराची वरची बिजागरी निखळून दार लोंबकळतंय, आणि ते माझ्या आवाक्यातलं काम नाही. तुम्ही एकदा येऊन बघावं.

वहिनींना नमस्कार, मांजराला जे द्यायचं असेल ते द्यावं. चुकलं-माकलं पोटात घालायची तुमची सवय मी मोडली आहे, तरी एकदा प्रयत्न करून बघावा.

तुमचा,
घुबड मेहुणा

ता. क. स्वयंपाकघराच्या दाराला हात लावू नका. ते घासलं की तिला कळतं मी चहा टाकायला गेलोय, आणि ती आतून सांगते, साखर कमी.

ता. क. २. बिजागरी आपोआप निखळलेली नाही. काल दुपारी मीच स्क्रू काढले आणि खिशात ठेवले. झाडं परत गॅलरीत नेली. थंडीत फुलायची तर फुलतील. कपाट पुसून तिचे कपडे होते तसे लावले, निळा स्वेटर वरच्या फळीवर. मग तिला सांगितलं की वाळवीने दार खाल्लं, आता तुझ्या दादाशिवाय इलाज नाही. कितीतरी दिवसांनी ती उठून बसली. "शेवटी दादाच लागला ना?" म्हणाली आणि मला तिचे केस विंचरून द्यायला सांगितले.

ता. क. ३. हत्यारांची पिशवी आणायला विसरू नका. सात वर्षांनी तुम्ही रिकाम्या हातांनी दारात उभे राहिलात तर ती काय ते ओळखेल. आल्याआल्या तिच्याकडे जाऊ नका, आधी कपाटाकडे जा, आणि मला तिला ऐकू जाईल अशा आवाजात भरपूर बोला. काम दोन स्क्रूंचं आहे, अर्ध्या तासाचं. तुम्ही ते चार दिवस पुरवा. डॉक्टर म्हणतात, तेवढे पुरतील.