डाव्या पायाची सुट्टी

४ मार्च, मंगळवार

आला! भंगारवाल्याच्या टेम्पोतून, जुन्या गादीत गुंडाळून गिअरबॉक्स आला. आपल्याच गाडीच्या मॉडेलचा, पण ऑटोमॅटिक. गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "मास्तर, चोवीस वर्षांच्या गाडीत हे घालायचं म्हणजे म्हाताऱ्याला कवळी. बसली तर बसली."

हिने गॅलरीतून पाहिलं. "अहो, हे कुणाचं आतडं आणलंत?" म्हटलं, तुझ्या डाव्या पायाला आता कायमची सुट्टी. क्लचच राहणार नाही. तर म्हणे, "माझं ड्रायव्हिंग संपलं, सांगितलंय ना एकदा." आणि आत गेली.

अकरा महिने झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हिने किल्लीला हात लावलेला नाही. हिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जायची. आता फोनवर बोलतात, आणि फोन ठेवल्यावर ही बराच वेळ खिडकीशी उभी असते. ते मला बघवत नाही. हिला परत स्टीअरिंगवर बसवायचं, बस्स. हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

जिना मात्र भराभर चढते. तसं म्हटलं तर म्हणते, "जिना वेगळा, क्लच वेगळा."

६ मार्च

जुना गिअरबॉक्स उतरवला. पाठीचा पार भुगा.

लोकांना वाटतं, मी पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये पोरांना इंजिन शिकवलं म्हणजे गाडी मीच चालवत असेन. मी घेतली होती चालवायला — पहिल्याच महिन्यात वर्कशॉपचं फाटक पाडलं. तेव्हापासून स्टीअरिंग हिच्याकडे आणि मी शेजारी. "दुसरा टाक. आता तिसरा. अगं, इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही का?" हातपाय तिचे, कान माझे, अशी आमची जोडी. चोवीस वर्षांत क्लचप्लेट एकदाच बदलावी लागली! निम्मं श्रेय माझं. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "निम्मं कशाला? सगळंच घ्या."

७ मार्च

हात वर होत नाही. उद्या लिहीन.

९ मार्च

गिअरबॉक्सबरोबर आलेलं माहितीपुस्तक सापडत नाही. हिला विचारलं. "तुमच्या वस्तू तुम्हीच ठेवता, तुम्हीच हरवता. मला कशाला मध्ये घेता?" बरोबर आहे. काही हरकत नाही, मला काय पुस्तक वाचून काम करायचंय का?

१२ मार्च, बुधवार

आजचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

क्लचच्या जागी आता कन्व्हर्टर असतो — पातेल्याएवढा गोल डबा, आत तेल. तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर ठेवायचा आणि फिरवत फिरवत आत ढकलायचा. ढकलला. खट. पुन्हा फिरवला. खट. बसला म्हटलं. मिस्त्री आणि मी, दोघांनी जॅकवर घालून सगळं गाडीखाली सरकवलं, इंजिनाला टेकवलं, आणि मी बोल्ट हातात घेतले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. "तीन यायला हवेत."

"काय तीन?"

"खट. मी दोनच ऐकले."

मी म्हटलं, तू आपली दुधाकडे बघ. तर म्हणाली, "दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो."

मिस्त्री पाना खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. शेवटी सगळं मागे ओढलं. कन्व्हर्टर पुन्हा फिरवला, चांगला पाच मिनिटं फिरवला. खट! तिसरा. तसेच बोल्ट आवळले असते तर आतला पंप फुटला असता आणि गिअरबॉक्स आला तसा भंगारात गेला असता. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मास्तर, वर्कशॉपातली नोकरी वहिनींना द्यायला हवी होती."

आणि म्हणे कान माझे.

संध्याकाळी चादर बदलताना हिच्या उशीखाली पुस्तक सापडलं. एकेचाळिसाव्या पानात खूण म्हणून केसांची पिन. होतं तसं परत ठेवून दिलं. पण आनंद झाला. फार झाला.

१७ मार्च

सगळं जोडलं, तेल भरलं, किल्ली फिरवली — गाडी ढिम्म! बॅटरी तपासली, वायरी तपासल्या, मिस्त्रीने स्वतःच्या नशिबालाही दोष देऊन पाहिला. ही पाणी घेऊन आली, आत डोकावली, "दांडा 'पी'वर नाहीये," म्हणाली आणि पेले ठेवून निघून गेली.

'पी' म्हणजे पार्किंग; दांडा गिअरमध्ये असला तर ऑटोमॅटिक गाडी सुरूच होत नाही. 'पी'वर घेतला. झाली चालू.

२२ मार्च, शनिवार

मिस्त्रीने गाडी बाहेर काढली. त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर पडला. माझं कपाळ काचेला टेकून आलं. एरवी लोण्यासारखी चालते. मी शेजारी बसलो होतो. चमत्कारिक वाटलं, गिअर आपले आपण बदलतात. मला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हिला विचारलं, उद्या बसशील? म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतं. वाईट वाटलं. एवढं करून गाडी दारात उभीच राहणार.

२३ मार्च, रविवार

उठलो तर गाडी नाही. टेबलावर क्लचचं काढलेलं पेडल, त्याखाली चिठ्ठी:

"ताईकडे जातेय. चहा झाकून ठेवलाय. गुडघा सहा महिन्यांपूर्वीच बरा झाला. दुखत होते ते कान. आता गिअरच बदलायचे नाहीत, म्हणून म्हटलं बघावं. पुढच्या खेपेला तुम्हीही चला. पण मागे बसा."

तीनदा वाचली. आधी राग आला. मग ती चोवीस वर्षं आठवत बसलो, आणि चहा गार झाला.

दुपारी दोनला ही आली. गाडी उलटी घेऊन एका दमात जागेवर लावली. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. फडकं घेतलं आणि मागची सीट पुसून ठेवली.